सर्रा रोगाचा परजीवी आणि त्याचा बदलता अंगरखा

पावसाळा सरत आला की बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर काय आणि घाटाखाली काय, दिवेलागणीला गोठ्यागोठ्यांतून धूर निघताना दिसतो. कडुनिंबाचा ओला पाला किंवा शेणाच्या गोवऱ्या पेटवून शेतकरी माश्या हाकलत असतो. बैलाच्या पाठीवर, पोटाखाली बसून रक्त पिणाऱ्या मोठ्या चावऱ्या माश्या जनावराला स्वस्थ उभे राहू देत नाहीत, हे त्याला पक्के ठाऊक असते. पण माशी चावते तेव्हा तिच्या सोंडेला लागलेल्या रक्तातून आणखीही काही एका जनावरातून दुसऱ्या जनावरात जाऊ शकते. त्याचे नाव ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी. हा एकपेशीय परजीवी, म्हणजे आदिजीव, ‘सर्रा’ नावाच्या रोगाचे कारण आहे. घोडा आणि उंट या रोगाने मरतात. गाई-म्हशी बहुधा लगेच मरत नाहीत, पण खंगतात, दूध आटते, गाभ पडतो.

हा रोग माणसाला होत नाही असे सव्वाशे वर्षे मानले जात होते, आणि तसे मानायला चांगले कारणही होते. मग २००४ साली विदर्भाच्याच दुसऱ्या टोकाला, चंद्रपूर जिल्ह्यात, एका शेतकऱ्याच्या रक्तात हा परजीवी वळवळताना दिसला. तोवर माणूस कशामुळे वाचत होता आणि हा एक शेतकरी का वाचला नाही, या प्रश्नाचे उत्तर शोधताना परजीवीच्या पृष्ठभागावरील प्रथिनांची एक मोठी गोष्ट आपल्या हाती लागते. तिची सुरुवात वायव्य सरहद्दीवर होते आणि तिच्यातील काही पाने मुंबई-पुण्यात लिहिली गेली आहेत.

डेरा इस्माईल खान, १८८०

ग्रिफिथ इव्हान्स हे वेल्समधील गृहस्थ पशुवैद्यही होते आणि डॉक्टरही. १८७७ साली ते लष्करी नोकरीत हिंदुस्थानात आले. सिंधू नदीकाठच्या डेरा इस्माईल खान भागात लष्कराचे घोडे आणि उंट एका रोगाने मोठ्या संख्येने मरत होते. लोक त्याला सर्रा म्हणत. ‘सडलेला’ या अर्थाच्या देशी शब्दावरून हे नाव पडले असे मानले जाते. जनावराला ताप येई, उतरे, पुन्हा येई. अंगात रक्त राहत नसे, पायांवर आणि पोटाखाली सूज येई आणि शेवटी जनावर कोसळे. १८८० मध्ये इव्हान्स यांना या रोगाच्या चौकशीसाठी पाठवण्यात आले.

आजारी जनावरांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहताच त्यांना तांबड्या पेशींना ढुशा देत सळसळणारे बारीक जीव दिसले. ते रक्त निरोगी जनावराला टोचले, तर त्यालाही रोग झाला आणि त्याच्या रक्तातही तेच जीव आले. इव्हान्स यांनी निष्कर्ष काढला की रोगाचे कारण हेच जीव आहेत.

वरिष्ठांना तो पटला नाही. त्यांचा युक्तिवाद वरवर पाहता चांगला होता. कलकत्त्यात टिमोथी लुइस यांनी १८७८ मध्ये उंदरांच्या रक्तात असेच जीव पाहिले होते आणि ते उंदीर चांगले धडधाकट होते. उंदराला काही होत नाही, मग घोड्याला का व्हावे? पण दिसायला सारख्या असणाऱ्या दोन जाती वागायलाही सारख्याच असतील हे यात गृहीत धरले होते, आणि चूक तिथेच होती. योगायोग असा, की १८८० मध्येच अल्जीरियात लाव्हरां या फ्रेंच लष्करी डॉक्टरला मलेरियाचा परजीवी दिसला. त्याच्यावरही आधी कोणी विश्वास ठेवला नाही. लाव्हरां यांची गाठ आपल्याला पुढे पुन्हा पडणार आहे. इव्हान्स मात्र शंभर वर्षे जगले. १९३५ मध्ये ते वारले, तेव्हा परजीवीला त्यांचे नाव लागून पन्नास वर्षे झाली होती.

मुंबई आणि पुणे

ते नाव देणाऱ्या माणसाचा मुंबईशी जवळचा संबंध आहे. जॉन हेन्री स्टील या पशुवैद्याने १८८५ मध्ये ब्रह्मदेशात लष्कराच्या खेचरांमधील अशाच रोगाची तपासणी केली. ताप उतरतो आणि ठरावीक दिवसांनी उलटतो, हे त्यांच्या मनात भरले. माणसाला होणारा उलटणारा ताप मळसूत्रासारख्या जंतूंमुळे होतो हे तेव्हा माहीत झाले होते. म्हणून हाही तसाच जंतू असावा असे समजून स्टील यांनी त्याला ‘स्पायरोकीटा इव्हान्सी’ असे नाव दिले. जंतू कोणत्या गटातला हे ओळखण्यात ते चुकले, पण तापाचे उलटणे त्यांनी बरोबर हेरले होते, आणि सगळ्या कोड्याची गुरुकिल्ली त्या उलटण्यातच होती. पुढच्याच वर्षी, १८८६ मध्ये, परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि स्टील त्याचे पहिले प्राचार्य झाले.

१८८९ च्या डिसेंबरात पुण्याच्या सायन्स कॉलेजात इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली. आज बरेलीजवळ इज्जतनगरला जी भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था आहे, तिचे मूळ हे. या प्रयोगशाळेचे प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड यांनी सुरुवातीला हाती घेतलेल्या विषयांत सर्रा हा एक प्रमुख विषय होता. घोड्यांच्या सर्र्यावरील त्यांचा अहवाल १८९३ मध्ये मुंबईत छापला गेला. त्याच साली प्रयोगशाळा कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलली, कारण दाट वस्तीच्या, उष्ण हवेच्या शहरात जालीम रोगजंतू हाताळणे धोक्याचे होते.

रोग पसरतो कसा, हे लिओनार्ड रॉजर्स यांनी १९०१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी दाखवले. टॅबॅनस जातीच्या माश्यांना आजारी जनावरावर बसवून लगेच निरोगी जनावरावर बसवले, तर रोग पसरतो. ही माशी मोठी, तिचा चावा दुखरा. जनावर शेपटी मारते, अंग थरथरवते. अर्धवट प्यालेली माशी उडते आणि शेजारच्या जनावरावर बसते. परजीवी तिच्या पोटात वाढत नाही. ती फक्त मळलेल्या सुईचे काम करते. आफ्रिकेत माणसाला होणाऱ्या निद्रारोगाचा परजीवी ट्रिपॅनोसोमा ब्रुसी हा इव्हान्सीचा सख्खा भाऊ. त्याला मात्र त्सेत्से माशीच्या शरीरात वाढावेच लागते. इव्हान्सीच्या तंतुकणिकेतील डीएनएचा महत्त्वाचा भाग नाहीसा झालेला असल्याने तो त्सेत्सेत वाढूच शकत नाही. पण म्हणूनच त्याला त्सेत्सेची गरजही उरली नाही, आणि जिथे त्सेत्से नाही अशा आशिया आणि दक्षिण अमेरिकेतही तो पसरला. काही वेळा गमावण्यातूनच वाट मोकळी होते, ती अशी.

वर-खाली होणारा आलेख

आता ताप का उलटतो ते पाहू. १९१० मध्ये रोनाल्ड रॉस आणि डेव्हिड थॉमसन यांनी लिव्हरपूलमध्ये निद्रारोगाच्या एका रुग्णाच्या रक्तातील परजीवी दररोज मोजले. रॉस म्हणजे अल्मोड्याला जन्मलेले आणि सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी शोधून काढणारे तेच रॉस. त्यांनी काढलेला आलेख आजही पाठ्यपुस्तकांत छापला जातो. परजीवींची संख्या चढत जाते, मग एकदम घसरते, आणि सुमारे आठवड्याने पुन्हा चढते. डोंगररांगांसारखी ही शिखरे एकामागून एक येतात.

घसरणीचे कारण असे, की शरीर परजीवीविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि ती परजीवींचा फडशा पाडतात. पण प्रतिपिंडे रक्तात शिल्लक असताना परजीवी पुन्हा वाढतात कसे? दुसऱ्या शिखरातले परजीवी पहिल्या प्रतिपिंडांना जुमानत नाहीत, असे प्रयोगांत दिसून आले. म्हणजे परजीवी तोच, पण त्याची ओळख बदललेली. ही ओळख कशात असते हे कळायला मात्र पुढची साठ वर्षे जावी लागली.

एक कोटी रेणूंचा अंगरखा

१९६९ मध्ये ग्लासगोचे कीथ व्हिकरमन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ब्रुसीच्या पेशीपटलाबाहेर एक दाट थर पाहिला. जाडी सुमारे १२ ते १५ नॅनोमीटर. सस्तन प्राण्याच्या रक्तातील परजीवीवर हा थर असतो, त्सेत्सेच्या आतड्यात नसतो. १९७५ मध्ये केंब्रिजला जॉर्ज क्रॉस यांनी हा थर ज्याचा बनला आहे ते प्रथिन वेगळे केले. त्याला साखरेचे रेणू जोडलेले असतात, म्हणून ते ग्लायकोप्रथिन. ओळखीच्या निरनिराळ्या वाणांतून काढलेली ही प्रथिने एकमेकांपासून वेगळी निघाली. तेव्हापासून त्यांना ‘बदलते पृष्ठप्रथिन’ या अर्थाच्या नावाने ओळखतात.

एका परजीवीवर या प्रथिनाचे जवळजवळ एक कोटी रेणू दाटीवाटीने उभे असतात, जणू ज्वारीचे पेरलेले रान. रानात शिरायला वाट नाही. बाहेरून दिसतात ती फक्त कणसे. प्रत्येक रेणूचा तळ मेदाच्या खुंटीने पटलात रोवलेला असतो. हा तळाचा भाग वाणावाणांत बराचसा सारखा, आणि कणसाचा भाग फार वेगळा. प्रतिपिंडांना कणीसच तेवढे हाताला लागते, म्हणून ती कणसाविरुद्धच तयार होतात.

परजीवीपाशी आणखी एक युक्ती आहे. थोडी प्रतिपिंडे अंगाला चिकटली, तर तो पोहता पोहता ती झटकतो. पुढे पोहताना रक्तद्रवाच्या ओढीमुळे प्रतिपिंड चिकटलेले रेणू मागच्या टोकाकडे ढकलले जातात. तिथे कशाभिकेच्या मुळाशी एक खिसा असतो. त्यातून ते आत ओढून घेतले जातात आणि प्रतिपिंड पचवले जाते. हे २००७ मध्ये दाखवले गेले.

आणि अंगरखा बदलायचा कसा? ब्रुसीच्या जनुकसंचाचे वाचन २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात या प्रथिनाची शेकडो जनुके निघाली. तपासलेल्या ८०६ जनुकांपैकी पूर्ण आणि धड अशी केवळ ५७ होती. बाकीची बहुतेक मोडकी, अर्धवट. पण ती अडगळ नव्हे. जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून आपल्याकडे गोधडी शिवतात, तसे मोडक्या जनुकांचे तुकडे जोडून परजीवी नवे धड जनुक शिवतो. जनुक ‘चालू’ होण्याच्या मोजक्या जागा असतात आणि त्यांपैकी एका वेळी एकच जागा चालू असते. त्यामुळे एका परजीवीच्या अंगावर एका वेळी एकच अंगरखा असतो. कोट्यवधींत काही मोजके परजीवी प्रत्येक पिढीत अंगरखा बदलतात. जुना अंगरखा घातलेले प्रतिपिंडांना बळी पडतात, बदललेले वाचतात, आणि पुढचे शिखर त्यांचे असते.

परजीवी प्रतिपिंड आलेले ‘पाहून’ अंगरखा बदलतो असे मुलांना वाटते, आणि ते आपण आवर्जून दुरुस्त करायला हवे. बदल आधीच, आपोआप झालेला असतो. प्रतिपिंड फक्त निवड करते. आणि या रोगावर लस का नाही, याचेही उत्तर इथेच आहे. लस कोणत्या अंगरख्याविरुद्ध बनवायची?

माणूस कसा वाचत होता?

इतका बेरकी परजीवी माणसापुढे का हरतो? १९०२ मध्ये लाव्हरां यांनी, मलेरियाच्या त्याच लाव्हरां यांनी, परजीवी असलेल्या उंदरांना माणसाचे रक्तद्रव टोचले. उंदरांच्या रक्तातील परजीवी मेले. माणसाच्या रक्तात काहीतरी घातक आहे, आणि ते जन्मजात आहे, हे स्पष्ट झाले. ते नेमके काय, हे शोधायला शंभर वर्षे लागली. २००३ मध्ये ब्रसेल्सच्या एतिएन पेस यांच्या गटाने दाखवले की तो पदार्थ म्हणजे अपोलिपोप्रोटीन एल-१. सोयीसाठी आपण त्याला एल-१ म्हणू. आपण ज्याला ‘चांगले कोलेस्टेरॉल’ म्हणतो, त्या कणांवर हे प्रथिन बसलेले असते.

ते आत शिरते कसे, हे पाहण्यासारखे आहे. परजीवीला लोहयुक्त हीम हवे असते. ते मिळवण्यासाठी त्याच्या कशाभिकेच्या खिशात एक ग्राहक प्रथिन असते, जे हिमोग्लोबिन धरून आत घेते. माणसाच्या ज्या कणांवर एल-१ असते, त्यांवर तशाच चेहऱ्याचे एक प्रथिनही असते. परजीवी खाद्य समजून सगळा कणच आत घेतो. लग्नाच्या वरातीच्या मिषाने मावळे पुण्यात शिरले आणि शाहिस्तेखानाच्या महालापर्यंत पोचले, अशी हकीगत आपण इतिहासात सांगतो, तसेच हे. आत गेल्यावर एल-१ परजीवीच्या पचनपिशवीच्या पडद्याला भोके पाडते, आणि परजीवी फुगून फुटतो.

मग आफ्रिकेत माणसाला निद्रारोग कसा होतो? पूर्व आफ्रिकेतील ब्रुसीच्या एका उपजातीने यावर तोड काढली आहे. तिच्यापाशी असलेले एक प्रथिन एल-१ ला धरून निकामी करते. हे प्रथिन म्हणजे पृष्ठप्रथिनाचेच एक कापलेले, बदललेले रूप आहे, हे १९९८ मध्ये कळले. जुन्या अंगरख्याची बाही कापून ढाल केली, असे म्हणा ना. आपल्या इव्हान्सीकडे ही ढाल नाही. म्हणून माणूस सुरक्षित, असा हिशेब होता.

चंद्रपूर जिल्ह्यातील शेतकरी

२००४ साली त्या शेतकऱ्याला पाच महिने ताप येत-जात होता. ताप चढे तेव्हा रक्तात परजीवी दिसत. मग संख्या कमी होई, आणि पुन्हा वाढे. रॉस यांच्या आलेखाचीच ही पुनरावृत्ती होती. पण हा माणूस आफ्रिकेतला नव्हता आणि आपल्याकडे त्सेत्सेही नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या आणि परदेशी प्रयोगशाळांच्या मदतीने परजीवीचा आकार, प्रतिपिंडे आणि डीएनए यांची तपासणी केली. परजीवी इव्हान्सीच होता. माणसातील इव्हान्सीच्या संसर्गाचा हा पहिला पक्का पुरावा २००५ मध्ये प्रसिद्ध झाला.

परजीवी मेंदूभोवतीच्या द्रवात पोचलेला नव्हता, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट. निद्रारोगाच्या पहिल्या अवस्थेत वापरतात ते सुरामिन हे जुने औषध त्याला देण्यात आले आणि तो बरा झाला. आपल्याकडच्या औषधाच्या दुकानात हे औषध मिळत नाही. रोग वेळेवर ओळखला गेला नसता तर काय झाले असते, हे वेगळे सांगायला नको.

मग ब्रसेल्सला त्याचे रक्तद्रव परजीवींवर टाकून पाहिले. परजीवी मेले नाहीत. त्याच्या रक्तात एल-१ नव्हतेच. जनुक तपासले तेव्हा आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रतींत वाचनाची चौकट सरकवणारे दोष आढळले. वाक्यातले एक अक्षर गळून पुढचे सगळे शब्द विस्कटावेत, तसा हा प्रकार. पण ‘एल-१ नाही’ आणि ‘रोग झाला’ या दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असे सिद्ध होत नाही. म्हणून संशोधकांनी त्याच्याच रक्तद्रवात प्रयोगशाळेत बनवलेले एल-१ मिसळले. आता परजीवी मेले. २००६ मध्ये हे प्रसिद्ध झाले. नियंत्रित प्रयोग म्हणजे काय, हे सांगायला याहून चांगले उदाहरण आम्हाला तरी आठवत नाही.

गावाची तपासणी

गावात असे आणखी किती जण आहेत, हा प्रश्न लगेच उभा राहिला. शेतकऱ्याच्या गावातील १,८०६ लोकांची तपासणी झाली. या तपासणीत पृष्ठप्रथिनच कामाला आले. एका ठरावीक अंगरख्याचे, वाळवून रंगवलेले परजीवी कार्डावर घेऊन त्यात रक्ताचा थेंब मिसळतात. त्या अंगरख्याविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात असली तर परजीवींच्या गुठळ्या होतात. हा अंगरखा निवडण्याचे कारण असे, की इव्हान्सीचे बहुतेक वाण संसर्गाच्या काळात कधी ना कधी तो घालतातच. (केनियातील काही वाणांत त्याचे जनुकच नाही, एवढा अपवाद.)

पहिल्या चाचणीत ४१० जणांच्या रक्तात गुठळ्या झाल्या. रक्तद्रव पातळ करून पुन्हा पाहिले तेव्हा ८१ उरले. त्यांपैकी जोरदार प्रतिसाद असलेल्या ६० जणांच्या रक्तात परजीवी शोधले. एकाच्याही रक्तात सापडले नाहीत. या आकड्यांचा अर्थ जपून लावायला हवा. प्रतिपिंड असणे म्हणजे रोग असणे नव्हे. काही जणांच्या शरीरात परजीवी शिरले असतील आणि एल-१ ने ते संपवले असतील, हे शक्य आहे; काही गुठळ्या अन्य कारणांनीही झाल्या असतील. साथ मात्र नव्हती.

इथे गोष्ट संपवली असती तर ती फार नीटनेटकी झाली असती. पण २०१६ मध्ये व्हिएतनाममधील एका स्त्रीच्या संसर्गाची माहिती प्रसिद्ध झाली. कच्चे गोमांस कापताना तिच्या हाताला जखम झाली होती. तिच्या रक्तात एल-१ व्यवस्थित होते, जनुकही चांगले होते, तरी तिला इव्हान्सीने गाठले. म्हणजे एल-१ ही मोठी भिंत आहे, पण एकमेव नाही, आणि अभेद्यही नाही.

वर्गासाठी थोडेसे

हा धडा वर्गात खेळून दाखवता येतो. दहा-बारा मुलांना ‘परजीवी’ करून सगळ्यांना पांढऱ्या टोप्या द्या. फक्त एकाच्या डोक्यावर लाल. पांढऱ्या टोपीविरुद्धचे ‘प्रतिपिंड’ झालेली मुले पांढऱ्यांना बाद करतात. उरलेला लाल ‘वाढतो’ आणि त्या गटातही एक निळा निघतो. दर फेरीला मैदानात किती मुले आहेत ते फळ्यावर मांडत गेले की रॉस यांचा आलेख मुलांच्या डोळ्यांसमोर उभा राहतो. मग विचारा, लाल टोपी केव्हा आली, प्रतिपिंड येण्याआधी की नंतर?

दुसरे काम गोठ्यातले. गावातील पशुवैद्यकीय दवाखान्यात मुलांना नेऊन सर्र्याची लक्षणे विचारून घ्या, आणि धूर का करतात हे शेतकऱ्यांकडून समजून घ्या. लस नसलेल्या रोगात माशी दूर ठेवणे आणि रोगी जनावर लवकर ओळखून त्याला औषध देणे, हेच उपाय उरतात. येत-जात राहणाऱ्या तापात मलेरिया निघाला नाही, तरी रक्ताची काचपट्टी पुन्हा एकदा नीट पाहावी, हेही चंद्रपूर जिल्ह्यातील त्या शेतकऱ्याने आपल्याला शिकवले आहे. इव्हान्स यांनी डेरा इस्माईल खानला केले ते तेवढेच होते. त्यांनी काचपट्टी नीट पाहिली, आणि जे दिसले ते सांगितले.